साहेबांचा सल्ला

दुपार झाली की मिरचीची रोपं माना टाकायची, आणि तात्या पाइपावरचं चाक फिरवून पाणी सोडायचे. तरी रोज दहा-बारा रोपं जातच होती. सगळी मिरची गेली, तर शेत दुसऱ्याला कसायला देऊन लोकांच्या कामाला जायची पाळी होती.

"पाणी जास्त होतंय," बायको म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं," तात्या म्हणाले. लग्नाला तीस वर्षं झाली होती, आणि शेतीच्या बोलण्यावर त्यांचं हेच एक उत्तर ठरलेलं होतं.

शेवटी लेकीनं त्यांच्या मोबाइलमध्ये सल्ला केंद्राचा नंबर घालून दिला. बोलून प्रश्न विचारायचा, रोपाचा फोटो पाठवायचा, की उत्तर येतं. तात्यांनी घसा खाकरून सगळी कर्मकहाणी सांगितली. पाणी किती देतो, तेवढं मात्र गाळलं.

संध्याकाळी मशीनच्या सपाट आवाजात उत्तर आलं. रोज पाणी देताय, ते आठ दिवस बंद ठेवा. सडलेली रोपं मुळासकट उपटून लांब टाका. शेताच्या खालच्या अंगाला चर खणा, पाणी तिथं तुंबतंय.

तात्या थक्क झाले. केंद्रातल्या कुणा साहेबांनी घरबसल्या शेताचा उतारसुद्धा ओळखला होता. याला म्हणतात शिक्षण, असं त्यांनी बायकोला दोनदा ऐकवलं. तिनं मान डोलावली आणि कुदळ आणून दिली.

तिसऱ्या आठवड्यात उरलेल्या रोपांना पालवी फुटली, मागोमाग पांढरी फुलं. साहेबांना भेटल्याशिवाय तात्यांना राहवेना. धुतलेला सदरा घालून त्यांनी केंद्र गाठलं.

तिथल्या मुलीनं संगणकावर त्यांचा प्रश्न शोधला. इथं साहेब कोणी नाहीत, असं ती म्हणाली. मशीनला जे सुटत नाही, ते केंद्र जाणत्या शेतकऱ्यांकडे पाठवतं. ते फोनवर तोंडी सांगतात, मशीन तेच आपल्या आवाजात ऐकवतं.

"यांचं उत्तर सहसा चुकत नाही, काका. थांबा, लावूनच देते."

तिनं फोन स्पीकरवर टाकला आणि पलीकडच्या माणसाला सांगितलं, की एक मिरचीवाले काका आभार मानायला आलेत.

पलीकडे कोणीतरी हसू दाबलं.

"त्यांना म्हणावं, आभार घरी येऊन माना. जेवायची थांबलेय मी."