अख्खी गल्ली गप्प

कबनूरच्या विणकरांच्या गल्लीत लग्नकार्यालाही यंत्रमाग थांबत नाहीत. पण संयोगिताची फ्रेंचची तोंडी परीक्षा ऑनलाइन होती. म्हणून तिच्या वडिलांनी, उदयसिंहांनी, आपले माग बंद केले, घरोघरी फिरून गल्लीतलेही बंद करायला लावले आणि दाराबाहेर राखणीला बसले.

पुण्याच्या परीक्षक बाईंनी पडद्यावरून क्रियापदाची रूपं विचारली. संयोगितानं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. वर्षभर तिनं ही रूपं मागांच्या खडखडाटातच घोकली होती, एका ठोक्याला एक अक्षर. आता ठोकाच नाही, तर अक्षर टेकवायचं कुठं?

"बोला, वेळ चाललाय," बाई म्हणाल्या.

संयोगितानं खिडकीतून हाळी दिली, "आबा, माग चालू करा!"

"अगं, परीक्षा हाय न्हवं तुझी?"

"व्हय, म्हणूनच! बटण दाबा की!"

खटक-खटक सुरू झालं. ते ऐकून गल्लीनंही सुटकेचा खडखडाट केला. "नू फि-नि-सों, वू फि-नि-से," संयोगिता सुटली ती थांबेचना. प्रत्येक अक्षर एका मापाचं.

"वा! फ्रेंच माणसं अशीच एका लयीत बोलतात," बाई दोन्ही कान दाबून ओरडल्या. "कुठल्या क्लासला जाता?"

संयोगिता पहिली आली. पेढे वाटताना उदयसिंह दारोदार सांगत होते, "कापड काय, गावात समदीच काढत्यात. आमच्या मागावर फ्रेंच निघतंय."