खाणीतलं रिंगण

भवानीनगरच्या रस्त्यासाठी अंथुर्ण्याच्या माळावर मुरमाची खाण खणली होती. रस्ता झाला, माणसं पांगली आणि उघडा खड्डा तेवढा मागं राहिला. चार वर्षांनी वनमहोत्सवाचं रोप घेऊन साहेब आले, तर खाणीच्या तळाशी सीताफळाची अकरा झाडं गोल धरून उभी. मोकळ्या कपाळाची सरुबाई एकटीच त्यांना कळशीनं पाणी घालत होती.

"कुणी लावली ही?"

"लावली कुणीच न्हाय, साहेब. खाणीवरची माणसं दुपारी हितं गोल बसून सीताफळं खायची आन बिया जागच्या जागी थुकायची. ह्ये भिमाचं झाड, ह्ये रतनचं..."

रिंगणात एका झाडाची जागा रिकामी होती. तिथं रोप लावायला साहेबांनी कुदळ उचलली, तशी सरुबाई आडवी आली.

"तितं नगं. तितं आमचं मालक बसायचं."

"मग त्यांचं झाड का नाही उगवलं?"

 

"त्यांनी वाट्याचं फळ हितं कदी खाल्लंच न्हाय. धोतराच्या सोग्यात बांधून सांजच्याला माझ्यासाठी आणायचं."