रिकामा रकाना

पुण्यात डेटाबेसवाल्यांच्या मेळाव्यात टाळ्या थांबत नव्हत्या. आजपासून देशभरातल्या सगळ्या नोंदींमधून 'माहीत नाही' हे उत्तर कायमचं हद्दपार झालं होतं. रिकामा रकाना आला की यंत्रं अडखळायची, नोंदींच्या एकमेकींशी जोडण्या चुकायच्या. आता प्रत्येक रकान्यात ठाम उत्तर हवंच. त्यासाठी वर्षानुवर्षं सगळ्यांशी भांडलेल्या केतकी खवळेच्या गळ्यात अध्यक्षांनी हार घातला, आणि तेवढ्यात देवगडहून तिच्या आईचा फोन आला. केतकी हारासकट जिन्यात आली.

"मी सेवा केंद्रात उभी आहे गो," आई म्हणाली. "तुझ्या बाबांच्या नावापुढे हयात की मयत, ते आजच सांगा म्हणतात. इतकी वर्षं तिथे काहीच नव्हतं. तेच बरं होतं."

बाबांचा मासेमारीचा ट्रॉलर वादळात गेला तेव्हा केतकी शाळेत होती. ना ट्रॉलर सापडला, ना बाबा. आई अजूनही त्यांचे शर्ट धुऊन, घड्या घालून ठेवायची.

आत माइकवरून केतकीला दोन शब्द बोलायला बोलावत होते.

"हयात सांग," ती कशीबशी म्हणाली.

पलीकडे आई कुणाशी तरी बोलली. परत फोनवर आली तेव्हा तिचा आवाज एकदम हलका झाला होता.

"भरलं गो. हयात. पण आता ते यंत्र पुढचं विचारतंय, सध्या राहतात कुठे? रिकामं ठेवून चालत नाही म्हणे. केतकी, तुला माहीत आहे का गो?"