रुद्रचा सत्कार

अंगणात टेम्पो थांबल्याचा आवाज आला तसा रुद्रनं हातातला चहा चुलीपाशी ठेवला, चार पावलं चालून तो खाटेवर आडवा झाला आणि पाय सैल सोडले. त्याच्या बायकोनं, शिवकन्येनं, त्याच्यावर चादर ओढली, मगच दाराची कडी काढली.

शेजारचा संतराम आणि त्याचे दोघं भाऊ रुद्रला सत्काराला न्यायला आले होते.

"फळी आनली ना, भाऊजी?" तिनं विचारलं. "दवाखान्यात बजावून सांगितलंय, कमरेला हिसका बसू द्यायचा न्हाई. मनका लई नाजूक हाय."

"आनली. बराबर नेतो आमी."

दोन वर्षांपूर्वी पिक्चरच्या शूटिंगमध्ये रुद्र पाण्याच्या टाकीवरून पडला होता. हिरोच्या जागी, हिरोचाच शर्ट घालून. खालची हवेची गादी जागची सरकली होती. कमरेखालचं सगळं गेलं. कंपनीनं जन्मभराचा पगार लावून दिला आणि त्याला गावी, कुरुंद्यात आणून सोडलं.

मग एका दुपारी त्याच्या पायाचा अंगठा हलला. शिवकन्या आनंदानं संतरामला सांगायला धावली, तर रुद्रनं तिचा पदर धरला.

"कुनाला सांगू नको," तो म्हणाला. "चालता येईल मला, पन उडी न्हाई मारता येनार. आन् पगार तर बंद व्हईल. अर्ध्या मोडलेल्या मानसाला काम कोन देतंय?"

त्या दिवसापासून गाव हळदीच्या रानात गेलं की ती कडी लावायची आणि तो घरातल्या घरात चालायचा. बाकी सगळा वेळ खाट. भेटायला येणाऱ्या बायका तिच्या नशिबाला हळहळायच्या आणि ती मान खाली घालून ऐकायची.

आता तो पिक्चर लागला होता. स्टंट करणाऱ्यांच्या जिगरीचा, हाणामारीचा आणि पोट धरून हसवणारा. जोरात चालत होता. हिरो खुद्द कुरुंद्यात येऊन रुद्रचा सत्कार करणार होता. सोबत कंपनीची डॉक्टरही येणार होती. रुद्रला कामं देणाऱ्या फाइटमास्तर शंकरसिंगचा तसा फोन आला होता. "ती सुई टोचून बघेल," एवढंच तो बोलला. पुढचं त्यानं सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही.

शिवकन्येला चार दिवस घास गोड लागला नव्हता.

"पडायचं कसं हे शिकायला उमर गेली माझी," रुद्र तिला म्हणाला होता. "न हलायला काय लागतं?"

शाळेच्या मैदानावर मंडप गच्च भरला होता. रुद्रला स्टेजवर खुर्चीत बसवलं. मोठ्या पडद्यावर त्याची ती उडी दाखवली. पिक्चरमध्ये तिला गमतीचं संगीत लावलं होतं. माणूस टाकीवरून सुटायचा, खाली कडब्यात गडप व्हायचा आणि कोंबड्या उडायच्या. लोक खदाखदा हसले. मग कुणाला तरी आठवलं, ही तीच उडी. हसू हळूहळू विरलं. रुद्र मात्र हसत राहिला.

हिरोनं शाल घातली. "खरे हिरो हे आहेत," तो माइकवर म्हणाला. टाळ्या पडल्या. कॅमेरावाल्यानं बोटानं गोल फिरवून काहीतरी खुणावलं. हिरो वाकला, रुद्रला खुर्चीतून उचलून त्यानं खांद्यावर आडवं टाकलं आणि गरागरा फिरवलं.

"साहेब, कंबर," शिवकन्या पुढं झाली. ढोल-ताशात तिचा आवाज कुणालाच ऐकू गेला नाही.

रुद्रचं तोंड उघडलं, पण त्यातून आवाज निघाला नाही. परत खुर्चीत ठेवलं तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता आणि डोळे भरून आले होते. हिरोनं त्याला मिठी मारली. "रडू नको, भावा."

शिवकन्या शाल सारखी करायच्या निमित्तानं वाकली. "लई दुखलं का?"

"कॅमेरा चालू हाय," तो ओठ न हलवता म्हणाला.

त्याला फळीवरून घरी आणलं. मागोमाग डॉक्टर प्रियदर्शनी आल्या. संतराम आणि त्याचे भाऊ दारातच उभे राहिले. बाईंनी चादर गुडघ्यापर्यंत गुंडाळून ठेवली. शिवकन्या उशाशी उभी राहिली, नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून. रुद्र आढ्याच्या पत्र्याकडं बघत होता.

बाईंनी काही न बोलता सुई तळपायात टोचली. शिवकन्येच्याच पायाची बोटं आखडली. मग घोट्याला, मग पोटरीला. शेवटी अंगठ्याच्या नखाखाली. रक्ताचा थेंब वर आला. शिवकन्येच्या हाताखालचा खांदा ताठला नाही, श्वासाची लय बदलली नाही. भीतीतही तिला नवऱ्याचा अभिमान वाटला. एवढा मोठा पिक्चर काढला त्या लोकांनी, पण ह्या माणसाचं खरं काम त्यांना कधी दिसणारच नव्हतं.

बाईंनी रक्त पुसलं, पाय झाकले आणि तिला बाहेर बोलावलं.

"मला वाटलं होतं, थोडी तरी सुधारणा असेल," त्या अंगणात हळू आवाजात म्हणाल्या. "काहीच नाही. तसंच लिहून देते मी. सांभाळा त्यांना."

गाडी गेली. संतराम आणि त्याचे भाऊही गेले. शिवकन्येनं धुरळा खाली बसेपर्यंत वाट पाहिली. मग आत येऊन कडी लावली, दाराला पाठ टेकली आणि तोंडावर पदर दाबून हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

"झालं एकदाचं," ती म्हणाली. "उठा आता. चहा ठेवते."

रुद्र अजून पत्र्याकडंच बघत होता.

"हळू बोल की," तो म्हणाला. "ती बाई सुई कवा टोचनार हाय?"