तिसरा हात

तपास अधिकाऱ्याने चित्रफीत तिसऱ्यांदा मागे नेली आणि नेमक्या जागी थांबवली. सिग्नलवरच्या कॅमेऱ्यात काचेआडची मुलगी स्पष्ट दिसत होती. उजवा हात स्टिअरिंगवर, डावा गिअरवर, आणि फोन डावा कान व खांदा यांच्यामध्ये दाबून धरलेला. त्यानंतर काही सेकंदांतच एक सायकलस्वार तिच्या गाडीखाली सापडून मेला होता. मुलगी अजून शुद्धीवर आली नव्हती. परवाना मिळून तिला अवघे एकोणीस दिवस झाले होते.

"बघा मास्तर," अधिकारी म्हणाला, "दोन्ही हात जागच्या जागी आणि वर फोन. ही कसरत हिला सुचली कुठून, कोण जाणे!"

ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांनी चष्मा काढून पुसला. पुसण्यासारखे त्यावर काही नव्हते.

शेजारी मुलीचे वडील बसले होते. मांडीवर औषधांची पिशवी, तीन दिवसांची दाढी.

"साहेब, यांना कशाला गोवता? माझी थोरलीसुद्धा यांच्याच हाताखाली शिकली. चूक आमच्या पोरीची आहे."

"गोवत नाही हो, विचारतोय." अधिकाऱ्याने एक कागद पुढे सरकवला. नवशिक्यांना बजावायच्या चार गोष्टी त्यावर छापल्या होत्या. दारू पिऊन गाडी चालवायची नाही, गुंगीचे औषध घेऊन नाही, डोळ्यांवर झोप असताना नाही, आणि चालवताना फोनवर बोलायचे नाही. प्रत्येकीपुढे एक रिकामा चौकोन. "शिकवलं असेल तर खूण करा, सही करा, मोकळे व्हा. मग सगळं तिच्या माथी. नसेल शिकवलं, तर तुमच्या स्कूलला कुलूप. माझ्या हातात काही नाही."

"शिकवलं," मास्तर म्हणाले. "पहिल्याच दिवशी सांगतो मी. फोन मागच्या सीटवर टाकायचा. ती टाकायचीही, बिचारी."

हे खरे होते. तिचा फोन मागच्या सीटवरच असे. मास्तरांचा मात्र दिवसभर खणखणत राही. कुणाला वेळ द्यायची, कुणाला थोपवून धरायचे. एक हात तिच्या स्टिअरिंगला आधार द्यायला, दुसऱ्यात हजेरीची वही, पाय आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर. मग फोन आपसूक खांद्यावर जाई.

"मास्तर, तुम्हाला तिसरा हात आहे," ती एकदा हसत म्हणाली होती.

"अनुभवानं फुटतो तो," तेही हसले होते. "तुलाही फुटेल."

पडद्यावरची मान डावीकडे कललेली होती, हनुवटी किंचित पुढे. मानेची ही ठेवण मास्तर बाहेरून प्रथमच पाहत होते.

"करा सही, मास्तर," वडील हळू आवाजात म्हणाले. "तुमचं पोट आहे त्याच्यावर. तिचं जे व्हायचं ते होईलच." आणि त्यांनी खिशातले स्वतःचे पेन काढून दिले.

मास्तरांनी तीन चौकोनांत खुणा केल्या. चौथ्यापाशी पेन थबकले. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू पाहत होता. त्यांनी तो डाव्या हाताने दाबून धरला. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पेन न सोडता त्यांनी तो दोन बोटांनी बाहेर काढला.

"मास्तर, मी कोपऱ्यावर उभी आहे हो! गाडी येतेय ना?" कोवळा, उतावीळ आवाज टेबलापलीकडेही ऐकू आला.

"येतो, येतो. दहा मिनिटं," मास्तर म्हणाले आणि पेन पुन्हा कागदावर टेकवले. डावा हात कागदावर होता. उजव्यात पेन होते.

अधिकाऱ्याने पडद्याकडे पाहिले, मग मास्तरांकडे.

मुलीच्या वडिलांनी औषधांची पिशवी खाली ठेवली. ते उठून जवळ आले आणि झोपलेल्या माणसाचा चष्मा काढावा तसा मास्तरांच्या खांद्यावरचा फोन त्यांनी हलकेच काढून घेतला. पलीकडची मुलगी अजून बोलतच होती.

"हा मागच्या सीटवर टाकायचा असतो ना, मास्तर?"

फोन गेला तरी मास्तरांची मान तशीच कललेली होती.