बिनखिडकीचा टप

“खंड्याला घास घातल्याशिवाय आपण जेवायचं नाही. माझ्यामागे एवढा नेम तू चालव,” सासूबाईंनी अंथरुणावरून सांगितलं होतं, आणि तिने त्यांचा हात हातात घेऊन हो म्हटलं होतं.

पिकअपला मागे कापडी टप बसवायचा म्हणून ती नवऱ्याबरोबर दुकानात गेली. “हा घ्या ताई. दोन्ही बाजूंना खिडक्या आहेत, आत वारा खेळता राहतो,” टप शिवणारे काका म्हणाले.

“बिनखिडकीचा दाखवा,” नवरा म्हणाला. “आतून बाहेरचं काही दिसता कामा नये.”

“लोक बाहेरून आतलं दिसू नये म्हणतात. तुमच्या मालाला डोळे आहेत की काय?” काका हसले. ती खाली मान घालून जाड कापड चाचपत राहिली.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या त्या म्हाताऱ्या कुत्र्याला तिनेच उचलून टपाखाली चढवलं. फिरायला निघालोय असं समजून खंड्याने तिचा हात चाटला.

दुपारी दोघं रिकामी पिकअप घेऊन परतले. “आता घरात घाण नाही की रात्रीचं भुंकणं नाही,” नवरा पाटावर बसत म्हणाला. “रस्ताच दिसला नाही त्याला, परत कसा येणार? तू पण बस की जेवायला.”

“तुम्ही सुरू करा. मी आलेच.”



खंड्याला रस्ता दिसला नव्हता, पण ती पुढेच बसली होती. पहिला घास डब्यात घालून तिने खुंटीवरची पिकअपची किल्ली आवाज न करता काढली.