अकरा सेकंद

“ते पाचवं गाणं यादीतून काढा,” ती स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली.

नवऱ्याने मान वळवली नाही. फरशीवर चिकटपट्टीने केलेल्या खुणांवर तो खुर्चीचे पाय नेमके बसवत होता. दोन्ही कान दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर हवेत, बोटभरही फरक नको. दोन वर्षं ती त्या पट्ट्या वगळून फरशी पुसत आली होती. स्वारी गाणी तपासायला बसली की मिक्सर बंद, पंखा बंद, कुकरची शिट्टीसुद्धा बंद. तीन सिस्टिम अशा बसून-बसून परत पाठवल्या होत्या. आज चौथी आली होती.

“काढू? मग तपासू कशावर, तुझ्या रागावर?” तो हसला.

ते हसणं तिला झोंबलं. पण ठिणगी पाच मिनिटांपूर्वीच पडली होती. वायरी जोडता जोडता स्पीकरवाला सहज म्हणाला होता, “यादीत वहिनींचंही गाणं? प्रेम आहे बुवा साहेबांचं!” त्यावर नवरा म्हणाला, “प्रेम कसलं डोंबलाचं! अहो, हिचा आवाज तिथे फाटतो. भिकार स्पीकर ते झाकतो. चांगला स्पीकर उघडं पाडतो.”

भांडी पुसता पुसता तिने हे ऐकलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

यादी त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिली होती. ढोल, बासरी, साठ वादकांचा ताफा, नुसता बोलणारा एक माणूस आणि शेवटी बायको. कुठलंच गाणं तो पुरतं ऐकत नसे. ढोलाचा एक ठोका, बासरीची एक फुंकर. तिच्या गाण्यातले अकरा सेकंद. ते अकरा सेकंद बाहेरच्या खोलीत वाजले की ही दोन वर्षं तिचा हात थांबायचा. वाटायचं, बोलून दाखवत नाही, पण ऐकतो. लाज वाटावी इतकं बरं वाटायचं. वेडी कुठली!

ते तिचं आयुष्यातलं एकुलतं एक रेकॉर्डिंग होतं. लग्नाला सहा महिने झाले होते. संगीतकाराने स्वतः बोलावणं धाडलं होतं. त्यानंतर त्याने पुन्हा बोलावलं नाही, आणि तीही कुणापुढे गायली नाही.

“वहिनी, राहू द्या की,” स्पीकरवाला चाचरत म्हणाला. नवरा-बायकोच्या मध्ये सापडून त्याचं पार सँडविच झालं होतं. “किती गोड आवाज आहे तुमचा.”

“गोड आहे म्हणून नाही लावत ते. फाटलाय म्हणून लावतात.”

“अगं, यात चिडण्यासारखं काय आहे?” नवरा आता समजावणीच्या सुरात आला. हा सूर तिला त्याच्या हसण्याहून जास्त नकोसा होता. “स्वच्छ गाण्यातून काही कळत नाही. ज्यातली चूक आपल्याला पाठ आहे, असंच गाणं लागतं. तुझी मला पाठ आहे. झोपेतून उठवून विचार.”

“ती माझी चूक नाही.”

“नाचता येईना, अंगण वाकडं!” तो स्पीकरवाल्याकडे वळला. “मी होतो ना तिथे. काचेच्या अलीकडे, रेकॉर्डिस्टच्या शेजारी. मस्त चाललं होतं हो. अंतऱ्यात वर गेली आणि कच खाल्ली. पुन्हा घेऊ म्हणाला तो, तर ही हेडफोन काढून सरळ बाहेर. धीरच नाही मुळात.”

बत्तीस वर्षं हे असंच चाललं होतं. पाहुण्यांपुढे, नणंदांपुढे, पोटच्या मुलीपुढेसुद्धा. ती कधी चहा ढवळत ऐकायची, कधी सगळ्यांबरोबर हसायची. तिला वाटायचं, याला सगळं आठवतंय. मन खातंय, म्हणून वरून थट्टा करतो. आज त्याचा तो निवांत, प्रामाणिक चेहरा तिने पाहिला. याला खरंच ठाऊक नव्हतं. त्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

तिने हातातलं फडकं टेबलावर आपटलं, पुढे होऊन त्याने मांडलेली खुर्ची ओढली आणि तीत स्वतः बसली.

“भाऊ, लावा ते गाणं. पहिल्यापासून.”

“अगं, फक्त अकरा सेकंद—”

“पहिल्यापासून!”

स्पीकरवाल्याने लावलं. सिस्टिम खरोखर उत्तम होती. कागद उलटल्याचा आवाज आला. तबल्यावर पडलेल्या बोटांची जागा कळली. मग बावीस वर्षांची एक मुलगी गायला लागली. स्पीकरवाल्याच्या हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच राहिला. तिच्या आवाजात भीतीचा मागमूस नव्हता. अंतरा आला. आवाज सहज वर चढत गेला, आणखी वर, आणि तिथेच मधोमध टरकन फाटला.

“बघा!” नवऱ्याने खुशीत बोट वर केलं. “किती स्पष्ट! हीच सिस्टिम ठेवायची.”

“इथे मी काचेतून तुमच्याकडे पाहिलं,” ती म्हणाली. “तुम्ही मनगटावरच्या घड्याळावर बोट आपटत होतात.”